सीझिनकोट : बाहेरून मोगली, आतून युरोपीय

प्रश्न : इंग्लंडमधील सीझिनकोट या वाड्यावर मोगली घुमट असल्याचे वाचले. बेळगावच्या कॅम्पातले इंग्रजी अमदानीचे बंगले आमच्या पाहण्यातले आहेत. पण इंग्रजांनी आपल्याकडची शैली स्वतःच्या देशात का नेली? अशा खासगी वाड्याला तेथे संरक्षण मिळते का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत श्रीमंत होऊन परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यांनी ग्लॉस्टरशायरमध्ये १८०५ च्या सुमारास हा वाडा उभारला. त्यांचे वास्तुविशारद बंधू सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांनी त्याचा आराखडा केला. सालबाईच्या तहामुळे आपल्याला परिचित असलेले वॉरन हेस्टिंग्ज यांचे जवळचेच डेल्सफर्डचे घरही याच सॅम्युअल यांचे काम आहे.

सॅम्युअल स्वतः हिंदुस्थानात कधी आले नव्हते, आणि हा वाडा समजून घेताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १७८६ नंतर काही वर्षे हिंदुस्थानभर फिरून देवळे, मशिदी व किल्ले चितारणारे टॉमस डॅनियल यांचे साहाय्य त्यांना लाभले. त्यामुळे तांब्याने मढवलेला कांद्याच्या आकाराचा घुमट, कोपऱ्यांवरच्या छत्र्या, मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी आणि भिंतीबाहेर पुष्कळ पुढे आलेला छज्जा असे सारे काही तेथे अवतरले. आपल्याकडे ऊन आणि पाऊस अडवण्यासाठी घडलेला छज्जा तेथे मुख्यतः शोभेसाठी आला. बागेत सूर्याचे छोटे मंदिर आहे आणि पुलावर नंदी बसवलेले आहेत. घरात पाऊल टाकताच मात्र हिंदुस्थान संपतो, कारण आतील दालने त्या काळच्या युरोपीय अभिजात शैलीची आहेत. कंपनीच्या धनिकांना हिंदुस्थान कसा दिसला आणि त्यातले किती त्यांनी घराच्या आत येऊ दिले, याचा इतका बोलका पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. पुढे राजा झालेले युवराज जॉर्ज १८०७ मध्ये हा वाडा पाहून गेले, आणि नंतर ब्रायटनचा त्यांचा प्रसिद्ध महालही घुमटांनी सजला.

संरक्षणाविषयी सांगायचे तर, १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने तेथे संरक्षित इमारतींच्या यादीची आजची पद्धत रूढ झाली आणि सीझिनकोट त्या यादीत सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीत आहे. इंग्लंडमधील संरक्षित इमारतींपैकी सुमारे २.५ टक्केच या श्रेणीत मोडतात. मालकी खासगीच राहते. परंतु वास्तूच्या स्वरूपाला बाध येईल असा कोणताही बदल, मग तो घुमटात असो वा आतल्या जिन्यात, विशेष परवानगीवाचून केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरतो.