फुकट कुणाला काय मिळतं? केतकीला लांबलेलं उत्तर

केतकी,

तुझा निरोप आईकडून मिळाला. ऐरोलीची तुझी कंपनी तुला एल-वन व्हिसावर, म्हणजे कंपनीच्याच तिकडच्या ऑफिसात बदलीवर, सॅन होजेला पाठवतेय, नवरा यायला तयार आहे, मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि तू विचारलंयस: "ताई, अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्यांना शाळा, दवाखाना, रेशन सगळं फुकट मिळतं आणि आपल्यासारख्या नियमाने जाणाऱ्यांच्या पगारातून ते वसूल होतं म्हणतात. खरं का? मग आपल्याला काय मिळतं?"

व्हिसाचे फॉर्म, फी, बीकेसीतली मुलाखत, हे सगळं वकील आणि कॉन्सुलेटची वेबसाइट सांगेलच. मी त्यात वेळ घालवत नाही. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. सध्या मी मुलुंडलाच आहे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुपारी ती झोपली की मला वेळच वेळ. हाच प्रश्न अजून दोघीतिघींनी विचारला म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

आधी सरळ उत्तर. बेकायदा राहणाऱ्याला फूड स्टॅम्प, म्हणजे तिथलं रेशन, मिळत नाहीत, केंद्र सरकारचं नेहमीचं मेडिकेड, म्हणजे गरिबांचा आरोग्यविमा, मिळत नाही, रोख मदत मिळत नाही. १९९६ मध्ये क्लिंटनने सही केलेल्या कायद्याने ते बंद आहे. इतकंच काय, त्याच कायद्यामुळे ग्रीन कार्ड मिळालेल्यालाही यातल्या बहुतेक गोष्टींसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. शाळा मात्र सगळ्या मुलांना खुली. टेक्सासमधून गेलेल्या खटल्यात १९८२ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा तो निकाल दिला. आणि इमर्जन्सी रूम. १९८६ च्या कायद्याने हॉस्पिटलला दारात आलेल्या माणसाला तपासावंच लागतं आणि जीव धोक्याबाहेर आणावा लागतो. फुकट असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, बिल घरी येतंच.

याच्या पुढे राज्याराज्यांत फरक. तू कॅलिफोर्नियात येणार, म्हणजे वादाच्या ऐन मध्यावर. तिथे राज्याने स्वतःच्या तिजोरीतून २०२४ पासून कमी उत्पन्नाच्या सगळ्या वयाच्या लोकांना, कागद असोत नसोत, मेडी-कॅल, म्हणजे तिथलं मेडिकेड, दिलं. मग खर्च झेपेना, तेव्हा जानेवारी २०२६ पासून कागद नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. त्याआधी १ ऑक्टोबर २०२५ पासून केंद्र सरकार ४३ दिवस ठप्प होतं. रिपब्लिकन म्हणत होते, डेमोक्रॅट्सना बेकायदा लोकांना आरोग्यविमा द्यायचाय. डेमोक्रॅट म्हणत होते, कायद्याने ते बंदच आहे, आम्ही विम्याच्या सबसिडीबद्दल बोलतोय. आमच्या ऑफिसच्या पँट्रीत रोज तेच. मजा अशी की दोन्ही बाजूंना आपली, म्हणजे व्हिसावाल्यांची, आठवणच नव्हती.

आता आपल्याला काय मिळतं ते. पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणीच्या विम्याचे, १.४५ टक्के पहिल्या महिन्यापासून जातात. भारताचा आणि अमेरिकेचा याबाबत करार नाही, त्यामुळे साधारण दहा वर्षं भरण्याआधी परत आलीस तर त्या पैशांचं पेन्शन नाही. नोकरी गेली तर ६० दिवस, त्यात दुसरी शोधायची नाहीतर गाशा गुंडाळायचा. बेकारभत्ता आपल्याला सहसा लागू होत नाही. बेकायदा राहणारेसुद्धा कर भरतात, हेही ऐकून ठेव. एका अमेरिकन करअभ्यास संस्थेने २०२२ साठी तो आकडा ९६.७ अब्ज डॉलर काढला होता. त्यात सोशल सिक्युरिटीचा वाटाही आहे आणि त्यांना ती कधी मिळायची नाही. तेव्हा कुणाच्या पैशांवर कोण जगतंय हे पँट्रीतल्या गप्पांइतकं सोपं नाही.

इथपर्यंत मी शहाण्यासारखं लिहिलं. आता मुलाचं.

आम्ही २०११ मध्ये गेलो. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा एच-फोरवर, म्हणजे त्याचं कुटुंब म्हणून. मुलगा आठ वर्षांचा. कंपनीने ग्रीन कार्डचा पहिला अर्ज, ज्याला सगळे पर्म म्हणतात, तो टाकायला "बघू, या क्वार्टरला नाही" करत पाच वर्षं घेतली. रांगेत आमची २०१६ ची तारीख पडली. कुठल्याही एका देशाला ग्रीन कार्डांच्या वर्षाच्या कोट्यातले सातच टक्के, त्यामुळे भारतीयांची रांग ही एवढी. २०२५ संपत आलं तरी आमच्या कॅटेगरीत २०१३ च्या तारखेचे लोक आत जात होते. आणि मुलगा एकवीसचा झाला की आईबापांच्या अर्जातून गळतो. आमचा २०२४ मध्ये गळला, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात.

गळला म्हणजे काय झालं, तर जो मुलगा तिसरीपासून तिथल्या शाळेत शिकला, त्याला परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागला. त्याबरोबर राज्यातल्या मुलांची फी गेली आणि परदेशी मुलांची आली, वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त फरक. मी त्या ऑफिसात गेले होते. काउंटरवरची मुलगी फार गोड होती. तिने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, तुमच्या मुलाने कॅलिफोर्नियात हायस्कूल केलंय, तर २००१ च्या राज्याच्या कायद्याखाली त्याला सवलत मिळाली असती. मग परत स्क्रीन बघितला. "ओह, ही इज ऑन अ व्हिसा." त्या कायद्यात चालू व्हिसावर असलेला विद्यार्थी बसत नाही. कागद नसलेला बसतो. तिला स्वतःलाच ते विचित्र वाटलं असावं, कारण तिने मला टिश्यूचा डबा पुढे केला. मी रडत नव्हते. मला राग आला होता.

त्याच वर्गात त्याचा एक मित्र होता. त्याची आई रात्री ऑफिसं साफ करायची, बाप बांधकामावर, तिघांकडेही कागद नाहीत. आमच्याकडे कितीदा जेवलाय. पोहे त्याला आवडायचे, वर शेव जास्त मागायचा. त्याला राज्याची फी, राज्याची स्कॉलरशिप. केंद्राची दोघांनाही नाही. लहानपणी आणलेल्या, कागद नसलेल्या मुलांना तात्पुरतं राहू देणाऱ्या ओबामाच्या २०१२ च्या योजनेतसुद्धा अट होती की ती जाहीर झाली त्या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर व्हिसा नसला पाहिजे, म्हणजे आपली मुलं तिथेही बाद. मी त्या पोराचा हेवा केला, केतकी. करते. त्याची आजी मेक्सिकोत वारली तेव्हा तो जाऊ शकला नाही, गेला असता तर परत येता आलं नसतं. तो आमच्या सोफ्यावर बसून फोनवर अंत्यविधी बघत होता हे मी डोळ्यांनी पाहिलंय, माझा मुलगा त्याच वर्षी मुलुंडला येऊन आजीच्या हातचं खाऊन गेला हेही मला कळतं, आणि तरी फीचं बिल आलं की हेवा वाटतोच. हे तिथल्या मराठी मंडळात बोलायची सोय नाही. बोललं की लगेच चारजण "बघा, आम्ही म्हणत नव्हतो" करत सरसावतात आणि माझ्या मुलाचं राहतं बाजूला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानातून बेड्या घालून १०४ जणांना अमृतसरला आणून सोडलं, ते तू पाहिलं असशील. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे, तीन महाराष्ट्राचे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. "नियम म्हणजे नियम." त्याच्याच दोन आठवडे आधी ट्रम्पने जन्मसिद्ध नागरिकत्वाचा हुकूम काढला होता आणि त्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांची बाळंही नावानिशी होती. कोर्टांनी तो अडवला, पण ज्यांच्या घरी पाळणा हलणार होता ते त्या ग्रुपवर एकदम गप्प. आपण नियमाने आलोय म्हणून आपल्याला कुणी वेगळं मोजेल, ही समजूत घेऊन येऊ नकोस. एवढंच मला खरं तर सांगायचंय, बाकी पाल्हाळ.

इथे मुलुंडला आले तर सोसायटीच्या ग्रुपवर तीच वाक्यं मराठीत. "आमच्या टॅक्सवर बांगलादेशी पोसतात." "लाडकी बहिणीचे पंधराशे त्यांना, आणि आम्हाला काय?" (त्या योजनेचे पैसे पुरुषांनी आणि सरकारी नोकरीतल्या बायकांनी घेतल्याचं तपासणीत निघालं, त्यावर मात्र ग्रुपवर फक्त हसरे चेहरे.) बेकायदा आलेले नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि खोट्या जन्मदाखल्यांचा धंदाही चालला होता, म्हणून तर २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिरा नोंदवलेल्या दाखल्यांची चौकशी लावली. पण आईकडे भांडी घासायला येणारी मालद्याची आहे, बंगालमधली. महाराष्ट्रात पकडलेल्या बंगालच्या काही मजुरांना जून २०२५ मध्ये सीमेपलीकडे ढकललं आणि मग ते भारतीयच निघाले म्हणून परत आणलं. तेव्हापासून ती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन फिरते. मला दाखवली. आधार, पॅन, मतदार कार्ड, तिघांनाही लॅमिनेशन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की नुसत्या या तीन कार्डांनी कुणी नागरिक ठरत नाही. मी तिला ते सांगितलं नाही. "दीदी, इतना बस है ना?" म्हणाली, मी म्हटलं हो, वडिलांचा शाळेचा दाखला मिळाला तर तोही ठेव. आणि आत येऊन माझी स्वतःची फाइल उघडून बसले.

त्या फाइलचं सांगते, कारण ते तुझ्या कामाचं आहे. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नाव नाही. त्या काळी बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची, नावाच्या रकान्यात रेघ. भारतात उभा जन्म काही अडलं नाही. अमेरिकन वकिलाला नाव हवं, नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि जन्माच्या वेळी हयात असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. एका कचेरीत मला सांगितलं, नोंद आहे म्हणून "नोंद नाही" असा दाखला देता येत नाही, आणि नावाशिवाय आहे म्हणून नावाचा दाखला देता येत नाही. आत्याला व्हीलचेअरवरून नोटरीकडे नेलं. तिने सही करताना विचारलं, "तू जन्मलीस हे अजून पटलं नाही का त्यांना?" तिच्या प्रतिज्ञापत्रात माझ्या आईच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं पडलं, की परत सगळं पहिल्यापासून. तेव्हा मुलीचा, तुझा आणि नवऱ्याचा दाखला आत्ताच बघ. तिघांची नावं, आईबापांची नावं, स्पेलिंग. वॉर्ड ऑफिसला तू मुंबईत असतानाच खेटे घाल, तिकडून दिराला पाठवून ही कामं होत नाहीत.

एकटेपणाचंही विचारलंयस. येतो. गणपतीत, आणि दुपारी चार वाजता चहाच्या वेळी. बे एरियात, म्हणजे सॅन होजेच्या आसपास, मराठी माणूस दगड मारला तरी सापडतो, मंडळ आहे, शाळा आहे, पुरणपोळीसुद्धा मिळते. त्याची काळजी करू नकोस.

काळजी मुलीची कर. ती नऊची, म्हणजे तुझ्या हातात बारा वर्षं आहेत, आणि ती रांगेच्या मानाने काहीच नाहीत. शिवाय एल-वनला मुदत आहे, पाच वर्षं किंवा मॅनेजर म्हणून गेलीस तर सात, आणि एच-वनसारखी ग्रीन कार्डच्या अर्जावर ती पुढे वाढत नाही. नवऱ्याला तिथे काम करता येईल, मुलीला नाही, उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानातसुद्धा नाही. माझ्या मुलाचे सगळे मित्र सोळाव्या वर्षी कमवायला लागले, हा घरी बसून कोडिंग शिकायचा आणि मला म्हणायचा की त्याला तसंही आइस्क्रीम आवडत नाही. आता पदवी होईल. मग कॅनडा म्हणतो, कधी पुणे म्हणतो. मी विचारायचं सोडलंय.

येऊ नकोस असं मी सांगणार नाही, मीच तिकीट काढून पुढच्या महिन्यात परत चाललेय. पण मुलीचं नाव शाळेतून काढण्याआधी एचआरला ईमेलवर विचार: माझा ग्रीन कार्डचा अर्ज कुठल्या महिन्यात टाकणार, मॅनेजर कॅटेगरीत की नाही. तोंडी उत्तर घेऊ नकोस. "बघू" असं आलं तर मला फोन कर, मी तुला त्यांना काय लिहायचं ते सांगते. दुपारी दोन ते चार कर, त्यानंतर आईचा फिजिओथेरपीवाला येतो.