आधी फुगे झाक

तू दाखवलेलं ते ग्राफिक नॉव्हेलचं, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कादंबरीचं, पान बघितलं. पडका बुरूज, वर ड्रॅगन, खाली मशाल घेतलेली पोरगी. त्यावर तू लिहिलंस, ‘रंग भारी, डिटेलिंग जबरदस्त.’ अरे, हे कौतुक झालं, विश्लेषण नाही.

संवादाचे फुगे बोटानं झाक आणि गोष्ट कळते का बघ. मग नजर कुठून शिरते ते शोध. बहुतेक वेळा सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग जिथं भिडतात तिथं. इथं ती जागा मशाल आहे, ड्रॅगन नाही. म्हणजे चित्रकाराला गोष्ट पोरीची सांगायचीय. ड्रॅगनची शेपटी चौकटीबाहेर कापलीय, तेही मुद्दाम. न मावणारा प्राणी जास्त मोठा वाटतो.

कॅमेरा कुठं ठेवलाय, म्हणजे चित्र कुठून बघितल्यासारखं काढलंय, हेही बघ. सोलापुरातच आहेस, तर भुईकोट किल्ल्यात जा. तटाच्या पायथ्याशी बसून वर बघत एक स्केच कर, दुसरं लांबून, डोळ्याच्या पातळीवरून. दगड तेच, पण पहिल्या चित्रात बघणारा दबतो. खालून बघण्याचं काम हेच.

रंगांचा अर्थ मात्र पाठ करू नकोस. लाल म्हणजे राग वगैरे फार ढोबळ आहे. आधीच्या पानांवर तो रंग कुणाला दिलाय ते तपास. आणि मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, घेतलास तर चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर.

पुढच्या वेळी तीन वाक्यंच लिही, पण प्रत्येकात ‘कारण’ हवं.