आधी हँडल, मग रंग

ताई, तुमचा सवाल थोडक्यात असा: भुसावळहून बदली होऊन निघालेल्या एका रेल्वेवाल्या कुटुंबाकडून तुम्ही दोन जुनी बेडसाइड टेबलं घेतलीत. गडद तपकिरी पॉलिश, वर एक खण, खाली उघडं फडताळ. एकाचं हँडल गायब आहे, दुसऱ्याच्या वरच्या फळीवर मच्छर अगरबत्तीने पडलेला काळा डाग आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी-जावई येणार, त्याआधी दोन्ही पांढरी करून सोनेरी हँडलं लावायची आहेत. दुकानदार म्हणाला, "डायरेक्ट ऑइल पेंटचे दोन हात मारा, झालं." तसं करावं का?

करू नका. आणि रंगाचा डबा घ्यायच्या आधी हँडलं विकत आणा. बहुतेक जण हँडल शेवटी आणतात आणि तिथेच फसतात.

जुन्या हँडलची भोकं इंचाच्या हिशोबाने मारलेली असतात, बऱ्याचदा तीन किंवा चार इंचांवर. आता दुकानात मिळणारी हँडलं मिलिमीटरमध्ये येतात: ६४, ९६, १२८. चार इंच म्हणजे साधारण १०२ मिलिमीटर. ९६ चं हँडल खणावर धरून पाहिलं की अगदी बरोबर बसेल असं वाटतं, पण स्क्रू काही लागत नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर कमी पडतात. हे तीन मिलिमीटर फार वाईट. नवं भोक जुन्याच्या अंगावरच येतं, ड्रिलचं पातं घसरून जुन्या भोकात शिरतं आणि भोक लांबट होऊन बसतं. तोवर तुमचे रंगाचे दोन हात होऊन गेलेले असतील, तर मग बुजवा, घासा आणि त्या तेवढ्या जागी पुन्हा रंग लावा. तो ठिपका कायम दिसत राहतो.

म्हणून आज टेप घ्या आणि दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. त्याच अंतराचं हँडल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर खणाच्या मधोमध एकच गोल मूठ लावा, तिला एकच भोक लागतं. लहान खणावर मला तरी मूठच शोभून दिसते. जुनी भोकं मात्र लांबीने (लाकडाच्या फटी बुजवायच्या लगद्याने) किंवा एम-सीलने भरून भागत नाही, विशेषतः नवं भोक शेजारीच पडणार असेल तेव्हा. लाकडाची बारीक गुल्ली तासा, फेविकॉल लावून हातोडीने हळूच ठोका, दुसऱ्या दिवशी पृष्ठभागाशी सपाट कापा. नवं भोक त्या गुल्लीतून अर्धं गेलं तरी ड्रिल सरळ जातं. भोक पाडताना खणाच्या आतून लाकडाचा एखादा तुकडा घट्ट दाबून धरा, म्हणजे आतल्या बाजूला ढलपी उडत नाही. स्क्रू ४ मिलिमीटरचा असेल तर ५ चं पातं वापरा. ती किंचित ढिलाई हवीच.

हँडलबरोबर येणारा स्क्रू साधारणपणे १८ मिलिमीटर प्लायच्या हिशोबाने दिलेला असतो. जुन्या भरीव लाकडाच्या खणाची पुढची फळी इंचभर जाड असू शकते, मग स्क्रूचं टोक पलीकडे पोचतच नाही. त्याच जाडीचा लांब स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. जाताना हँडल सोबत न्या, आटे जुळतात का ते तिथेच फिरवून पाहा. सोनेरी हँडल घेताना खिशात लहानसं लोहचुंबक असू द्या. चिकटलं तर लोखंडावर मुलामा आहे, पितळ नाही. मुलामा वाईटच असतो असं नाही, पण रोज हात लागणाऱ्या जागी तो लवकर उडतो, आणि पितळेचा भाव देऊन तो घ्यायचं कारण नाही. तुमच्याकडे जे एक जुनं हँडल उरलं आहे त्यालाही चुंबक लावून बघा. पितळेचं निघालं तर टाकू नका. चिंच किंवा पितांबरीने घासलं की त्याचा खरा रंग बाहेर येईल, आणि मग कदाचित तुम्ही तशाच जोडीच्या शोधाला लागाल.

आता लाकूड. भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र आणि पलीकडे वरणगावची निर्माणी, त्यामुळे बदलीवाल्यांचं सामान सतत निघतं आणि त्यात चांगला माल सापडतो. सातपुड्यातला, नवापूर भागातला साग वापरून आपल्याकडच्या मिस्त्रींनी केलेलं काम अजूनही घरोघरी आहे. तेव्हा रंग देण्याआधी हे काय आहे ते पाहा. खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याची मागची, पॉलिश न लागलेली बाजू बघा. कडेला थरावर थर दिसले तर प्लाय. फळीच्या कडेला बारीक काळी रेघ दिसली तर वर सनमायका चिकटवलेला आहे. पायाशी फुगून भुगा सुटत असेल तर तो पार्टिकल बोर्ड, फरशी पुसण्याच्या पाण्याने फुगलेला. त्याच्यावर फार जीव टाकू नका. आणि खालच्या बाजूला चाकूने थोडं खरवडल्यावर सोनेरी-तपकिरी, किंचित तेलकट लाकूड आणि तो ओळखीचा वास आला, तर साग.

साग निघाला तर माझं ऐका, सगळं पांढरं करू नका. वरची फळी घासून पॉलिशमध्येच ठेवा आणि बाकीचा सांगाडा रंगवा. रात्री पाण्याचा तांब्या, चष्मा, मोबाइल, औषधाच्या बाटल्या वरच्या फळीवरच येतात, ओरखडेही तिथेच पडतात, आणि पांढऱ्या रंगावरचा ओरखडा लपत नाही. अगरबत्तीचा डाग किती खोल गेलाय ते घासल्यावर कळेल. वरवरचा असेल तर ८० नंबरच्या सँडपेपरने निघतो. आत गेला असेल तर जळलेला कोळसा खरवडून काढा, खड्डा भरा आणि मग ती फळी रंगवाच, इलाज नाही.

घासण्याच्या आधी धुणं. ही पायरी लोक गाळतात. पलंगाशेजारचं टेबल म्हणजे वर्षानुवर्षांचं खोबरेल तेल, बाम, हाताचा चिकटा. हे न धुता घासलं की तेल लाकडात आणखी मुरतं आणि रंगाला मधेच बारीक डोळे पडतात, रंग तिथून मागे सरकतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, पिळलेलं फडकं, नंतर साध्या पाण्याचा हात, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. साग असेल तर घासून झाल्यावर, पहिला हात देण्याच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने एकदा पुसून घ्या, सागाचं स्वतःचं तेल वर येतं.

मग कापसावर स्पिरिट घेऊन टेबलाच्या मागे, जिथे पॉलिश आहे अशा जागी अर्धा मिनिट दाबून धरा. पॉलिश चिकट होऊन कापसाला तपकिरी रंग आला तर ते जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतंय. पांढऱ्या रंगाखाली हीच खरी अडचण असते. लाकडाला गडद करायला त्यात जो रंग घातलेला असतो तो पांढऱ्यातून हळूहळू वर झिरपतो, गुलाबी-पिवळट डाग पडतात, आणि वर कितीही हात मारा, ते पुन्हा येतात. "डायरेक्ट ऑइल पेंट"चं काय होतं ते इथे कळतं. यावर उपाय म्हणजे घासून झाल्यावर बिनरंगी चपड्याचे दोन पातळ हात द्यायचे, वाळू द्यायचे, आणि त्यावर ऑइलचा वुड प्राइमर. चपडा घेताना मेण काढलेला मिळाला तर तोच घ्या. साध्या चपड्यात मेण असतं आणि त्याच्यावर पाण्याचा रंग नीट धरत नाही.

घासताना सगळं लाकूड उघडं करायची गरज नाही. १२० ने पॉलिशची चमक मारायची, १८० ने सारखं करायचं, नेहमी लाकडाच्या शिरांच्या दिशेने. आडवं घासलेलं रंगाखालूनही दिसतं. पॉलिशच्या खाली एखादा जुना ऑइल पेंट सापडला तर मात्र थांबा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) ठरवणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल ते दिसून कळत नाही. असा रंग कोरडा घासू नका. पाणी शिंपडून वॉटर पेपरने घासा, चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई जवळ नको, आणि चिखल कागदात गुंडाळून टाका.

खड्डे आणि फटी लाकडाच्या फिलरने किंवा लांबीने भरा. भिंतीची पुट्टी घरात उरलेली असते म्हणून लोक तीच लावतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पुट्टी तशी हलत नाही, त्यामुळे तिला तडे जातात. कुठे बारीक भोकांतून पीठ पडत असेल तर ती कीड आहे. त्यावर रॉकेल चोळू नका, रंग धरणार नाही. लाकडाच्या किडीचं तयार औषध मिळतं, ते आधी, उघड्या जागेत, हातमोजे घालून लावा.

रंग कोणता? पांढराच हवा असेल तर पाण्याचा एनॅमल घ्या. ऑइलचा पांढरा कालांतराने पिवळा पडतो, आणि गंमत म्हणजे अंधारात जास्त पडतो, म्हणजे फडताळाच्या आत आणि भिंतीकडच्या बाजूला. मोरपंखी, गडद हिरवा, विटकरी असा रंग घेणार असाल तर ऑइल चालेल. तो ब्रशने छान पसरतो आणि घट्ट होतो. फक्त पातळ करायला टर्पेंटाइनच वापरा. दुकानात "थिनर चालस, काही नही व्हत" असं म्हणतील, पण एनसी थिनरने, म्हणजे लॅकरच्या जहाल थिनरने, खालचा थर उचलला जातो. दोन टेबलांना बाहेरून मिळून दोनेक चौरस मीटर जागा होते, त्यामुळे अर्धा लिटर रंगात दोन हात आरामात होतात. मोठा डबा घेऊ नका.

आणि आता आपलं ऊन. आखाजीच्या सुमाराला आपल्याकडे दुपारी ४३-४४ अंश सहज असतं. त्या उन्हात पाण्याचा रंग ब्रश फिरून परत येईपर्यंत सुकतो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. सकाळी सहा ते नऊ, आतल्या खोलीत किंवा उत्तरेच्या ओट्यावर काम करा. टेबल आदल्या रात्रीपासून सावलीत असू द्या, तापलेल्या लाकडावर रंग देऊ नका. कूलर बंद. त्याच्या वाऱ्यात ओल असते आणि खोलीतली सगळी धूळही तो ओल्या रंगावर आणून टाकतो. दुपारच्या वावटळीचं तर सांगायलाच नको. सपाट भागाला चार इंची फोमचा रोलर, कोपऱ्यांना ब्रश, हात पातळ, आणि दोन हातांच्या मध्ये ३२० चा पेपर अगदी हलका. पॉलिशच्या फळीला जवसाचं तेल वापरलंत तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

खणाच्या बाजू, तळ आणि तो ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या पट्ट्या रंगवायच्या नाहीत. तिथे रंगाच्या जाडीने खण अडकतो, आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की निघतच नाही. त्या जागी मेणबत्ती घासा, खण हलका सरकतो. पुढची फळी आणि तिच्या कडा, एवढाच रंग खणाला पुरे.

वेळेचं गणित मांडायचं तर धुणं, घासणं, चपडा, प्राइमर, भरणं, पुन्हा प्राइमर, दोन हात रंग: रोज सकाळी थोडं केलं तर सुट्टीच्या दिवसांसह दहा-बारा दिवस जातात. पण खरं वाळणं त्यानंतर सुरू होतं. हाताला कोरडा लागलेला रंग आतून अजून मऊ असतो. त्यावर तांब्या ठेवला की गोल ठसा, वर्तमानपत्र ठेवलं की अक्षरं चिकटतात. दोन-तीन आठवडे द्यावेत. तेवढे दिवस नसतील तर या आखाजीला एकच टेबल पूर्ण करा आणि दुसरं धुऊन-पुसून, पॉलिशवर मेणाचा हात देऊन तसंच ठेवा. जावयांना एक नवं, एक जुनं असं दिसलं तरी काही बिघडत नाही.

वर काच ठेवायचा विचार असेल तर ती लगेच नको, रंग पूर्ण मुरल्यावरच. आणि तेव्हाही चारी कोपऱ्यांना पारदर्शक रबराच्या टिकल्या लावा, म्हणजे काच रंगाला चिकटणार नाही.