बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी घेण्याआधी हे बघा

भाऊ, पिकअपची बॅटरी दर आठवड्याला उतरते म्हणून लगेच नवी टाकू नका. नवशिक्यांची पहिली चूक हीच. मूळ दोष तसाच राहतो आणि नवी बॅटरीही उतरते.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. गाडी चालू करून, हेडलाइट लावून परत मोजा: १३.८ ते १४.५ आले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, बहुधा ठीक आहे. १३ च्या खाली असेल तर आधी त्याला फिरवणारा बेल्ट सैल आहे का, ते बघा.

मग अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. पिंपळगावच्या मंडईत कांदा-द्राक्षं वाहणाऱ्या गाडीला धूळ-चिखल रोजचाच, आणि इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी गंजते. ती आणि बॅटरीचे टर्मिनल पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

चार्जिंग ठीक असूनही सकाळी बॅटरी मेली, तर बाहेरून बसवलेला टेप किंवा जीपीएस थेट बॅटरीला जोडलाय का, ते शोधा; तसा असेल तर गाडी बंद असतानाही तो करंट ओढतो.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीच काढू नका. कोणी ‘अशीच टेस्ट करतात’ म्हणालं तरी नाही, अल्टरनेटरचे डायोड जातात.

निफाडकडे थंडी पडायच्या आत एवढं उरका, डिझेल इंजिन सुरू होताना आतून गरम करणारे ग्लो प्लग तेव्हा बॅटरीला जास्त ओढतात. रीडिंग कळवा, पुढचं मग बघू.