गोधडीच्या व्यवसायाला नाव: 'वाकळ' ठेवू की आणखी काही?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साताऱ्याकडे जुन्या लुगड्यांच्या, साड्यांच्या गोधड्या शिवता, हाताशी आणखी तिघीजणी आहेत, दिवाळीच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेताय आणि नावावर गाडी अडलीय. यादीत 'गोधडी क्रिएशन्स', 'आजीची माया', 'स्नेहबंध', 'खादी वाकळ' आणि आईच्या तोंडचं नुसतं 'वाकळ', म्हणजे गोधडीच. नाव अर्थपूर्ण हवं, ही अट.

मी अकरा वर्षं क्रोशाचं लोकरकाम विकतेय. अर्थपूर्ण नावाच्या नादात मी कशी आपटले ते आधी सांगते. मी नाव ठेवलं होतं 'ऊर्णनाभ'. म्हणजे कोळी, स्वतःच्याच पोटातून धागा काढणारा. घरात सगळ्यांनी वा वा केली. पहिल्याच प्रदर्शनात एका काकूंनी बोर्ड वाचून विचारलं, "पोटदुखीवर चालतं का हो हे?" नाभी वाचून त्या थेट आयुर्वेदात पोचल्या होत्या! फोनवर दर वेळी 'ऊ दीर्घ, मग र्ण' अशी शुद्धलेखनाची शिकवणी. इन्स्टाग्रामवर शोधताना कोणी एक यू टाकायचं, कोणी दोन ओ, आणि मी कुणालाच सापडायचे नाही. नेहमीची गिऱ्हाइकं माझं नाव सुचवायची ते 'ती लोकरवाली' म्हणून. दोन वर्षांनी नाव बदललं. छापलेल्या पाचशे टॅगांच्या कोऱ्या बाजूवर अजून आमच्या घरी वाणसामानाच्या याद्या लिहिल्या जातात. (आताचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात होईल.)

तेव्हापासून मी एकच बघते: गिऱ्हाईक हे नाव आपल्या नणंदेला फोनवर एकदाच सांगून मोकळं होईल का? तसं झालं, तर अर्थ मागाहूनही भरता येतो. 'लिज्जत'चं बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव आलं १९६२ मध्ये, पाच रुपये बक्षिसाची स्पर्धा घेऊन. गुजरातीत त्याचा अर्थ चव, लज्जत. त्या नावात पापड नाही, गृहिणी नाही, माया नाही. आज ते ऐकलं की पापडच डोळ्यांसमोर येतो, तो इतक्या वर्षांच्या कामाने.

आता तुमची यादी. 'स्नेहबंध' आणि 'आजीची माया' मी लगेच काटेन. वाईट म्हणून नव्हे. पण एकाच प्रदर्शनात स्नेह, माया, सखी आणि ऊब असे चार स्टॉल ओळीने दिसतात, घरी गेल्यावर कोणाकडून काय घेतलं ते आठवत नाही. 'खादी' शब्दाला तर हातच लावू नका. खादी मार्कचे २०१३ चे नियम आहेत, प्रमाणपत्राशिवाय तो शब्द मालावर वापरता येत नाही. आणि जुन्या साड्या खादीच्या कुठे असतात? हेच पैठणीचं, सोलापुरी चादरीचं. त्या नावांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ती त्या-त्या भागातल्या मालासाठीच राखलेली आहेत. पैठणीचे तुकडे वापरलेत तर तसं वर्णनात लिहा, व्यवसायाच्या नावात नको.

'गोधडी क्रिएशन्स'ची अडचण वेगळी. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ सांगतं की मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहसा एकट्याच्या नावावर होत नाही. गोधडी विकणाऱ्या कोणालाही 'गोधडी' म्हणायचा हक्क आहे. उद्या शेजारणीने 'गोधडी कलेक्शन' काढलं तर तुम्ही काय करणार?

'वाकळ' मला स्वतःला फार आवडलं. पण तेही मालाचंच नाव, त्यामुळे तीच अडचण. शिवाय रोमन लिपीत ते व्ही ने लिहायचं की डब्ल्यूने, ए एक की दोन, आणि ळ चा एल झाला की पुण्यामुंबईबाहेरचं गिऱ्हाईक 'वकल' वाचणार. म्हणून 'वाकळ' हा शब्द टॅगवर ठेवा, 'हाताने शिवलेली वाकळ' असा, आणि नाव शोधा तुमच्या कामाच्या बोलीत. तिथे अजून पुष्कळ शिल्लक आहे. 'धावदोरा' घ्या. गोधडी ज्या टाक्याने उभी राहते तोच हा, म्हणताना तोंडात छान धावतो. कामाशी जवळचा शब्द आहे, त्यामुळे नोंदणीत आक्षेप येऊ शकतो, पण 'गोधडी'पेक्षा बरा. व्ही-डब्ल्यूचा घोळ इथेही आहेच, एक स्पेलिंग ठरवून सगळीकडे तेच ठेवा. नुसता 'टाका' नको, रोमनमध्ये ते बांगलादेशचं चलन होतं. 'दंड' हा तर माझा लाडका शब्द: फाटलेल्या लुगड्याचे दोन तुकडे जोडून 'दंड घातलेलं लुगडं' आमची आजी नेसायची. पण आजच्या गिऱ्हाइकाला वाटेल पावती फाडायला आलोय.

बाकीचं भराभर सांगते. नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. तिथे मालाचे क्रमांकाने वर्ग पाडलेत; गोधड्या-चादरी वर्ग २४ मध्ये येतात; बाळाची झबली-कुंच्याही करणार असाल तर वर्ग २५ पण बघा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. पहिल्याच दिवाळीत हा खर्च करू नका, एक हंगाम नाव चालतंय का बघा. वर्तुळातला आर (®, नोंदणी झाल्याची खूण) मात्र नोंदणी हातात येईपर्यंत छापायचा नाही, तो गुन्हा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट असते, कोणी हजार रुपये मागितले तर हात जोडा. पुढे दुकान टाकलंत तर पाटीवर देवनागरी आधी आणि ती इतर लिपीपेक्षा लहान नको, म्हणजे नाव देवनागरीत कसं दिसतं तेही आत्ताच लिहून बघा. आणि तुमच्या बचत खात्याच्या क्यूआरवर तुमचंच नाव दिसणार, गिऱ्हाईक बावचळतं. स्टॉलवर दोन्ही नावं लिहून ठेवा.

शेवटची दोन-तीन नावं उरली की त्या तिघींना विचारा. गोधडीवर बसून शिवताना सहज कुठलं तोंडात येतं ते त्याच सांगतील. आणि टॅग पाचशे छापू नका, शंभर पुरेत.