आधी बाहेर, मग टॅब

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी साडेतीन. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि टॅब उचलतो. काढून घेतला की रडारड, आदळआपट. त्या लिहितात, ‘पुण्यात आम्ही दिवेलागणीपर्यंत सोसायटीत खाली खेळायचो, आईला गॅलरीतून हाका मारून वर बोलवावं लागायचं. इथे मी त्याला ढकलून बागेत पाठवते आणि तो पाच मिनिटांत परत येतो. रोज किती वेळ स्क्रीन चालेल, ते एकदा सांगून टाका.’ शिवाय नोव्हेंबरात सासूबाई येणार आहेत आणि थंडीत मुलांना बाहेर नेणं त्यांना अजिबात पसंत नाही.

ताई, आकड्याचं आधी उरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तुमच्या मुलीच्या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच. त्याच सूचनांत या वयाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी असंही आहे, ते मात्र कुणी वाचत नाही. मुलासाठी आकडा हवाच असेल तर स्वीडनचा घ्या. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये सहा ते बारा वयासाठी एक ते दोन तास असं सांगितलं. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये आकडा देणं टाळलं आणि पालकांना प्रश्न दिले: स्क्रीनवर घराचा ताबा आहे का, त्यापायी घरातल्या बाकी गोष्टी मागे पडतात का, झोप बिघडते का, समोर बसून खाणं वाढतं का? मला हे प्रश्न जास्त उपयोगी वाटतात. आणि आजी-आजोबांशी होणारा व्हिडिओ कॉल कृपा करून या हिशेबात धरू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दीड वर्षाच्या आतल्या बाळांनाही तेवढी सूट देते.

आता मूळ दुखणं. पुण्यात तुम्हाला कुणी खेळायला पाठवत नव्हतं, खालून हाक यायची. इथे तुमचा मुलगा एकटाच चेंडू घेऊन कुंपणाच्या आत उभा राहतो. तो पाच मिनिटांत परत येणारच. त्याचे मित्र त्याला रोब्लॉक्स आणि माइनक्राफ्ट या ऑनलाइन खेळांत भेटतात, म्हणून तो तिकडे जातो. टॅब कपाटात ठेवलात तरी बागेत त्याला सोबत मिळत नाही. ती सोबत उभी करणं हे इथे आई-बाबांचं काम आहे. ते जरा अवघड वाटतं, कारण आपल्याला लहानपणी ती आयती मिळाली.

इथे कुणाच्या दारावर अवचित थाप मारता येत नाही, आधी ठरवावं लागतं. म्हणून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ लिहा: मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटली की आम्ही पार्कात असतो, ज्यांना जमेल त्यांनी या. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही तरी वार मोडू नका. दोन मुलं नेमाने यायला लागली की पुढचं ती आपापसांत ठरवतात.

शाळेतून थेट पार्कात जायचं, आधी घरी नाही. घरी पाय लागला की बूट निघतात, सोफा दिसतो, आणि मग सगळी मनधरणी नव्याने सुरू. खाऊ सोबत न्या. सव्वातीनला मुलं भुकेने कावलेली असतात आणि टॅबच्या निम्म्या हट्टामागे भूक असते. तूप-गुळाची पोळी गुंडाळून फॉइलमध्ये नेलीत तर हातमोजे न काढता खाता येते.

उजेडाची तर घाईच असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि डिसेंबरात तुमच्याकडे चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. हातात जेमतेम अर्धा-पाऊण तास. तेवढा वेळ बाहेर गेला की अंधार पडल्यावर टॅब निवांत द्या, त्यावर भांडण नको. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा हिशेब बदलेल, पण क्रम तोच: आधी बाहेर, मग टॅब. थांबवताना खेळ मध्येच तोडू नका. ‘ही मॅच संपली की बंद’ असं सुरुवातीलाच ठरलं असेल तर आदळआपट बरीच कमी होते.

मळभ असलेल्या दिवशी बाहेर जाऊन काय मिळणार, असं पुष्कळ पालक विचारतात. डोळ्यांसाठी पुष्कळ मिळतं. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी आलेली मुलं सुमारे ३० टक्के होती, बाकीच्या शाळांत सुमारे ३९ टक्के. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र इथल्या हिवाळी उन्हातून मिळत नाही. त्यासाठी सरकारी आरोग्यसेवा रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते. एक ते चार वयाला वर्षभर, इतरांना निदान शरद ऋतू आणि हिवाळ्यात, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी बारा महिने घ्यायचा विचार करावा असंही सांगते.

मुलगा आठ वर्षांचा आहे, म्हणजे इलेव्हन प्लसची, परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी ग्रामर स्कूलांच्या प्रवेश परीक्षेची, कुजबुज तुमच्या कानावर आलीच असेल. रेडिंगच्या ग्रामर स्कूलांसाठी आपल्या कितीतरी घरांतले शनिवार-रविवार ट्यूशनला जातात आणि दमलेल्या मुलाला बक्षीस म्हणून स्क्रीन मिळतो. परीक्षा द्यावी की नाही हा तुमचा प्रश्न, पण रविवारची सकाळ ट्यूशनला देऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. बऱ्याच गावांत रविवारी नऊला ज्युनिअर पार्करन असतो: दोन किलोमीटर, चार ते चौदा वयाच्या मुलांसाठी, फुकट. सहा महिन्यांनी धाकटीही पळेल.

पार्कात काय खेळायचं असं वाटलं तर लगोरी न्या. सात चपटे दगड, एक टेनिसचा चेंडू. गवतावर दगड नीट रचले जात नाहीत, म्हणून खाली लाकडी फळी ठेवा. इंग्रज, पोलिश, नायजेरियन, सगळी मुलं दोन डावांत शिकतात, आणि नियम समजावून सांगणारा तुमचा मुलगा असतो. त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

ऑक्टोबरची सुट्टी बहुतेक वर्षी दिवाळीच्या आसपास येते, तेव्हा बागेत किल्ला करा. इथे टॅब उपयोगी पडतो: राजगडाचे फोटो त्यालाच शोधू द्या. मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या कशा पसरल्यात ते बघून त्यालाच चिखलात रचू द्या. हळीव इथे बागेच्या दुकानात क्रेसचं बी म्हणून मिळतं. भिजलं की ते बुळबुळीत होतं आणि उतारावरही चिकटून राहतं. थंडीमुळे उगवायला वेळ लागतो, तेव्हा आपल्याकडच्यापेक्षा लवकर पेरा आणि रात्री वर प्लास्टिक टाका. त्या आठवड्यात ‘बाहेर जा’ असं तुम्हाला सांगावं लागणार नाही.

राहिल्या सासूबाई. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बंद खोलीत जास्त पसरते, हे तुम्ही सांगून त्यांना पटेलच असं नाही, डॉक्टरांकडून ऐकवा. पण त्यांच्या विरोधाचं खरं कारण बहुतेक वेळा त्यांची स्वतःची थंडी असते. पातळ मोजे आणि सँडल घालून पार्कात उभं राहिल्यावर कुणालाही मुलांची काळजी वाटेल. आल्या त्याच आठवड्यात त्यांना जाड बूट, थर्मल आणि हातमोजे घेऊन द्या आणि मंगळवारचा पार्क त्यांच्याकडे सोपवा. लगोरीतले वाद मिटवायला मोठं माणूस लागतंच. सोबत चहाचा थर्मास द्या, आणि बसायला एखादं प्लास्टिकचं आसन. इथले बाक हिवाळाभर ओले असतात.