हिमवादळ कशाला म्हणायचं आणि कशाला नाही

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय की मुलगी बॉस्टनला असते, ती फोनवर कधी स्नोस्टॉर्म म्हणते कधी ब्लिझर्ड, आणि इथे पेपरात कधी बर्फवृष्टी कधी हिमवर्षाव कधी हिमवादळ छापून येतं, तर हे सगळं एकच का आणि मराठीत नेमकं काय म्हणावं.

ताई, एकच नाहीये. क्रियापद लावून बघा, लगेच कळेल. बर्फ पडतो आणि वादळ सुटतं. 'हिमवादळ पडलं' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे नुसता भुरभुर किंवा अगदी धो धो बर्फ पडत असेल पण वारा नसेल तर ती बर्फवृष्टी, हिमवर्षाव किंवा हिमवृष्टी, तिन्ही चालतात (बर्फ फारसी आणि वृष्टी संस्कृत म्हणून काही जण नाक मुरडतात, पण शब्द छान रुळलाय, मला त्यात काहीच खटकत नाही). वारा सुटला, बर्फ उडवायला लागला, तर हिमवादळ. बोलताना सरळ बर्फाचं वादळ म्हणा.

आता वादळ या शब्दाचीच गंमत बघा. हा संस्कृत वार्दल पासून आलाय, म्हणजे पावसाळी दिवस. त्याच मुळातून हिंदीत बादल झाला, आणि तुमच्या शेजारी गुजराती कुटुंब असेल तर विचारा, त्यांच्याकडे वादळ म्हणजे ढग! मूळ पाण्याचं, पण मराठीत वाऱ्याने तो शब्द पार ताब्यात घेतला, आपल्याला पाऊस नसतानाही वादळ चालतं. म्हणूनच ब्लिझर्डला हिमवादळ इतका चपखल बसतो, कारण अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्याही वाऱ्यावरच उभी आहे: ताशी ५६ किमी किंवा जास्त वेगाचा वारा किंवा वारंवार येणारे तसे झोत, उडणाऱ्या बर्फामुळे ४०० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं होणं (बारा डब्यांच्या साधारण दीड लोकल एवढं अंतर), आणि हे सगळं किमान ३ तास. वरून नवा बर्फ पडायलाच पाहिजे असंही नाही, आधी जमिनीवर पडलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उधळला तरी ते ब्लिझर्डच. तिथे बर्फवृष्टी म्हटलं तर चक्क चूक होईल. खुद्द ब्लिझर्डचा अमेरिकेतला आधीचा अर्थ जोरदार तडाखा किंवा गोळ्यांची फैर असा होता, बर्फाच्या वादळाला तो १८७० च्या दशकात चिकटला.

आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे हुदहुद. १२ ऑक्टोबर २०१४ ला हे चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचंच उरलेलं बाष्प दोन दिवसांत नेपाळमध्ये अन्नपूर्णा भागात बर्फ होऊन कोसळलं, ट्रेकर्स आणि स्थानिक मिळून ४० हून जास्त माणसं गेली. त्यात हिमवादळही होतं आणि हिमस्खलनही, आणि हे दोन शब्द तरी कृपा करून वेगळे ठेवा. हिमस्खलन म्हणजे डोंगरउतारावरचा बर्फाचा थर निसटून खाली येणं, त्याला वारा लागतोच असं नाही. सियाचीनच्या बातम्यांत या दोन शब्दांची सरमिसळ झाली की मला फार त्रास होतो, कारण जवान नेमके कशात सापडले तेच वाचणाऱ्याला कळत नाही.

गारपीट तर पूर्ण वेगळी. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शेतात पांढरा खच पडला की 'बर्फ पडला' म्हणतात, बोलण्यात ठीक, पण त्या गारा, गडगडाटी ढगात घट्ट गोठलेल्या. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ गोठतं ते दव.

एक राहिलं. मुलगी 'विंटर स्टॉर्म'चा अलर्ट आलाय म्हणाली तर लगेच हिमवादळ म्हणू नका, त्यात जमिनीला टेकताच गोठणारा पाऊसही येतो, नुसतं हिवाळी वादळ म्हणा. स्नोस्टॉर्म म्हणाली तर वारा आहे का विचारा. असेल तर हिमवादळ, नसेल तर 'तिच्याकडे खूप बर्फ पडतोय' एवढं पुरे. ब्लिझर्ड म्हणाली तर बिनधास्त हिमवादळ.